आईला मुळा हवा आहे

४ नोव्हेंबर

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी कोण गेलं, हेच तुझ्या मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. तेव्हा बस, पाणी पी आणि मग वाच.

मला मुळा कसा लावायचा ते हवं आहे. हसू नकोस. परसातला वाफा तुझा आणि आईचा होता, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चुकून तिकडे फिरकले तर 'पाय बघ, पाय बघ' करून तुम्ही दोघी मला हाकलून लावायचात. आता तिथे गवत माजलंय, एक फुटकी बादली पडली आहे आणि बाबांची सायकल टेकवून ठेवली आहे. ते सगळं मी हलवीन. पुढचं तू सांग.

आईला उन्हाळ्यात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुला कळवलं नाही, कारण पत्ता नव्हता. असता तरी कळवलं असतं की नाही ते मला ठाऊक नाही, खोटं कशाला बोलू. पत्ता आता मावशीने दिला. तिचं तुझ्याशी इतकी वर्षं सूत आहे याचा मला पत्ताही नव्हता. माझ्याशी फोनवर गोड गोड बोलते आणि सगळं पोटात ठेवते, पक्की आहे.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात मी आईची चादर बदलत होते आणि ती एकदम म्हणाली, 'मुळा.' स्वच्छ ऐकू आलं. मी चादर तिथेच टाकली आणि शेजारच्या शिंपिणीला हाका मारून बोलावलं. तिच्यासमोरही म्हणाली. तेव्हापासून तोच एक शब्द आहे. सकाळी मुळा, दुपारी मुळा. देवाचं नाव नाही, माझं नाव नाही, मुळा.

मी लगेच बाजारातून आणला. किसला, मीठ लावलं, चुरून चुरून मऊ केला. तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी कोवळा बघून आणला, तर डाव्या हाताने वाटी उडवून लावली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हिला बाजारचा नकोय, घरचा हवाय. बाजारचा मुळा हातात घेऊन 'हे काय, लाकूड आहे का' म्हणायची, आठवतं ना? तिचा आणि मावशीचा तोरा वेगळाच. बोलायलाही लागल्या की अर्धे शब्द आजीच्या काळातले, आणि आपण दोघी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो.

हे काही म्हातारपणीचे डोहाळे नाहीत, धाकटे. ती जेवत नाही. दोन चमचे पातळ भात गेला की ओठ मिटते. डॉक्टर म्हणतात, गिळता येतंय, गिळायचं तिच्या मनात नाही. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. एकदा घातली होती, ती तिने ओढून काढली. पुन्हा घातली तर हात बांधून घालतात म्हणे. ज्या हातांनी आपल्याला वाढलं ते हात मी पलंगाला बांधू देणार नाही. तिला एक गोष्ट हवीशी वाटतेय, ती मी तिला देणार. मग ती जेवेल.

येऊ नकोस. ये म्हणून हे पत्र नाही. त्या घड्याळजीशी लग्न करून जाताना तू दारात उभी राहून म्हणालीस, 'न्यायला कोणी आलं तर येईन, आपणहून येणार नाही,' आणि बाबा म्हणाले, 'मग बस वाट बघत.' तुमचं तुम्ही बघा. बाबा गेले तेव्हाही तू आली नाहीस, आणि मी त्याबद्दल काही बोलणार नाही. मी फक्त मुळ्याचं विचारतेय. फोन नंबर देऊ नकोस. तुझा आवाज ऐकला की मी भांडेन, आणि मला सध्या भांडायला सवड नाही.

ताई

२१ नोव्हेंबर

धाकटे,

कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. 'माती वीतभर खोल खणून घे. खडे वेच. ताजं खत घालू नकोस. बी बोटाच्या पेरभर खोल, ओळीत. पाणी रोज थोडं.' औषधाच्या बाटलीवरसुद्धा यापेक्षा माया असते. असो. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे कललेलं.

सांगितलंस ते सगळं केलं. आमच्या धुलाईच्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं, तापलेल्या मोठ्या रुळात दवाखान्याच्या ओल्या चादरी सोडायच्या, एक कोपरा माझ्या हातात, एक जोडीदारणीच्या. घरी येते तेव्हा पाय माझे नसतात. तरी येऊन खणलं. खडे निघता निघेनात. तुझी एक गोटी सापडली, हिरव्या पट्ट्याची. आईने हरवलेला चमचा सापडला, ज्यावरून तिने मला बोलणी घातली होती. चमचा नेऊन तिला दाखवला. म्हटलं, बघ, मी नव्हता हरवला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'मुळा.' मी म्हटलं, हो गं बाई, लावतेय, जरा दम धर.

उगवलंय. एका सकाळी बघते तर ओळीच्या ओळी वर, दोन दोन पानांच्या. मला काय वाटलं ते मी तुला सांगणार नाही. बऱ्याच दिवसांनी मी काम सोडून नुसती उभी राहिले एवढंच.

तिला दिसावं म्हणून पलंग फिरवून खिडकीशी लावला. शिंपीण आणि मी, दोघींनी मिळून. आता डोळे उघडले की समोर वाफा. पण ती तिकडे बघतच नाही. मान वळवून वळवून दाराकडे तोंड करते. मानेला रग लागेल म्हणून मी उशी लावते, तर उशी ढकलते. जन्मभर हट्टी, आता कुठे सुधारणार.

दाट उगवलंय, हिरवंगार. पुढे काय करायचं ते लिही. आणि मायना लिहिलास तर शाई संपणार नाही.

ताई

८ डिसेंबर

ताईला मायना मिळाला. 'ताई,' एवढाच. चला, काहीतरी पदरात पडलं.

'विरळणी कर. चार बोटं सोडून एक ठेव, बाकीचे उपट. दाटी राहिली तर नुसता पाला माजेल, खाली काही धरणार नाही.' वाचायला सोपं आहे. मी वाफ्याशी उकिडवी बसले आणि मला हातच लावता येईना. सगळेच चांगले. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे कशावरून ठरवायचं? तू आणि आई हे काम गप्पा मारत करायचात. मी शेवटी डोळे झाकल्यासारखं केलं आणि उपटले. एक अगदी जोमदार होतं, तेही हातात आलं. परत खोचून बघितलं. संध्याकाळी मान टाकली त्याने.

उपटलेली कोवळी रोपं धुतली, पाला वाफवला, वाटून पातळ केला. म्हटलं, मुळा यायला अजून वेळ आहे, निदान वास तरी घरचा. वाटी घेऊन आत गेले. आता हे नीट वाच. मी दारातून आत शिरले, तर तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, डावी बाजू जेवढी उजळू शकते तेवढी. पण बघत होती माझ्या मागे. माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या चौकटीत. मी वळून बघितलं, मागे कोणी नव्हतं. मग तिने वाटीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. एक चमचा जबरदस्तीने भरवला, तो ओठाच्या कोपऱ्यातून खाली आला.

आठवड्याला येते ती नर्स म्हणाली, 'अशा पेशंटला शब्द पुरा होत नाही. शेवट गिळतात. तुम्ही ओळखून घ्यायचं.' मी म्हटलं, मुळा या शब्दाला शेवट असून असून किती असणार. नर्स हसली. मीही हसले. मग तिने आईचं वजन केलं, आणि काटा चुकला असेल म्हणून पुन्हा केलं.

मी तिला आता एकटी उचलते. पूर्वी दोघी लागायचो. पाठीला जखम झाली आहे. चादरींचं मला काही वाटत नाही, जन्म चादरींत गेला, पण तिच्या चादरीवरचा डाग कारखान्यात नेऊन धुवायला मला नको वाटतं. घरीच धुते. आणि पिळायला दुसरं टोक धरायला कोणी नसतं, तर नळाला बांधते. तू आणि मी टोकं धरायचो आणि आई मधोमध हात फिरवायची.

परवा फार चिडले तिच्यावर. तिने भाताचा चमचा थुंकला, माझ्या कामाच्या कपड्यांवर. मी म्हटलं, 'तू माझ्या मुळावर उठली आहेस.' शिंपीण ऐकत होती. म्हणाली, 'अहो, आजारी माणसाला असं बोलू नये.' मला कळतं काय बोलू नये ते. शिंपिणीला मी कामावरून येईपर्यंतच बसायचं असतं, मला बाकीचा सगळा वेळ.

मुळा धरला आहे की नाही ते उपटल्याशिवाय कसं कळतं? माती उकरून बघू का?

ताई

२ जानेवारी

धाकटे,

'उकरू नकोस. माथा मातीतून वर दिसायला लागला की समज.' दिसला. पांढरा, अंगठ्याएवढा जाड. काल सकाळी कामावर जायच्या आधी मी पहिला मुळा उपटला.

सरळ आला, फाटा नाही. खडे वेचले त्याचं चीज झालं. पाल्यासकट धुतला, माती जाईपर्यंत चोळला, आणि तसाच अख्खा घेऊन आत गेले. किसायच्या आधी तिने तो बघावा, हातात घ्यावा, असं मला वाटलं. मी किती दिवस या एका क्षणासाठी राबले ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाला सांगणार.

मी शिरले तशी ती पुन्हा माझ्या मागे बघायला लागली. मी म्हटलं, 'आई, इकडे. हे बघ. आपल्या वाफ्यातला.' तिच्या डाव्या हातात दिला. तिने धरला. बोटांनी चाचपला. तिला कळलं, काय आहे ते पूर्ण कळलं. आणि मग तिने तो पांघरुणावर ठेवून दिला, माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, 'मुळा. जा.'

'जा' ती अलीकडे म्हणायला लागली आहे, पंधरवडाभर झाला असेल. तुला लिहायचं राहिलं. मुळा, जा. की मी उठते, परसात जाते, काहीतरी घेऊन येते. काल मी म्हटलं, 'गेले होते ना. आणला ना. हा काय आहे मग?' 'मुळा. जा.' 'हा मुळा नाही का? डोळे फुटले का तुझे?' मी ओरडले, धाकटे. मुळा तिच्या तोंडापुढे नाचवला. ती रडायला लागली. एका डोळ्यातून पाणी येतं तिच्या, दुसरा कोरडाच राहतो.

मला इतका राग आला की मी तो मुळा तिथेच, तिच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ला. कडाकडा चावून. तिखट होता, नाकात गेला. चांगला होता. तुमचे असायचे तसाच. खाताना मीही रडत होते आणि शिंपीण दारात पिशवी घेऊन उभी होती. तिला वाटलं असेल, मायलेकी दोघींचंही डोकं फिरलं.

कामावर जाऊन हात भाजून घेतला. रुळाला लागला. फार नाही.

आज तिने पाणीही दोनच चमचे घेतलं. डॉक्टर म्हणाले, नळीचं आता माझ्यावर आहे, हवं तर घालू, नको तर राहू दे. मी नको म्हटलं. म्हणजे मी काय केलं ते मला समजतं.

म्हणून विचारते, नीट आठवून लिही. दुसरा कुठला मुळा होता का? लाल? गोल? कुठून बी आणायची ती? वाफ्यात कधी दुसरं काही लावलं होतं का, ज्याला ती मुळा म्हणायची? तुमच्या दोघींत काहीतरी असेल, मला न सांगितलेलं. मी रागावणार नाही. फक्त लवकर लिही. तिला काय हवंय ते तुला माहीत असायला हवं, कारण मला माहीत नाही.

ताई

१३ जानेवारी

धाकटे,

आई गेली. गुरुवारी सकाळी, मी तिचं तोंड पुसत होते तेव्हा. त्रास झाला नाही. निदान मला दिसला नाही. सगळं त्याच दिवशी उरकलं. तुला कळवायला या पत्राशिवाय दुसरा रस्ता नव्हता. मावशीकडेही नुसता पत्ताच आहे, आणि नंबर देऊ नकोस असं मीच लिहिलं होतं.

पुढचं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

मावशी आली. गुडघ्यांमुळे ती झटका आल्यापासून एकदाही येऊ शकली नव्हती, फोनवरूनच विचारायची, आणि मुळ्याचं मी तिला कधी बोललेच नव्हते. दोघांनी धरून तिला आत आणलं. आईच्या पायाशी बसली, पाय चोळत राहिली, थंड पाय. मी तिला चहा दिला. कप घेता घेता तिने मला विचारलं, 'धाकटीच्या मुळाला कोण गेलंय?'

मी म्हटलं, काय?

'मूळ गं. तिला आणायला कोण गेलंय? ती काय आपणहून यायची आहे?'

इतक्या सहज म्हणाली, दूध आणायला कोण गेलंय म्हणावं तसं. कप माझ्या हातातच राहिला. शिंपिणीला तर काहीच कळलं नाही. मावशीने तिला समजावून सांगितलं, की आमच्या वेळी लेकीला घरी आणायचं तर घरचं माणूस पाठवायचे, त्याला मूळ म्हणायचे. मुळाला जायचं म्हणजे लेकीला आणायला जायचं. आता कोणी म्हणत नाही. आम्ही दोघी बहिणी म्हणतो. म्हणायचो.

मुळाला जा. शेवट गिळतात, नर्स म्हणाली होती. मधला 'ला' गिळला तिने. एवढंच गिळलं.

मग मावशी म्हणाली, 'तुझ्या बाबांच्या माघारी मी तिला कितीदा म्हटलं, पाठव कोणाला तरी. तर म्हणायची, थोरलीचा राग निवला की तिलाच मुळाला धाडते.'

मी उठून परसात गेले. दुसरीकडे जायला जागाच नव्हती, घर माणसांनी भरलेलं. वाफ्याशी उभी राहिले. ती मला जा म्हणायची, आणि मी इथे यायचे. जा म्हणाली की चपला घालायचे आणि मागच्या दाराने इथे. ती वाट बघत पडून राहायची. मी परत आले की माझ्या मागे तू आहेस का ते बघायची. रोज बघायची. आणि मी तिच्या तोंडापुढे मुळा धरायचे.

ती जेवली असती, धाकटे. तू पलंगाशी बसून चमचा धरला असतास तर ती जेवली असती. मी याच्यापुढे विचार करायला बसले की मला बसवत नाही, मी उठून काहीतरी धुवायला घेते. घरात आता धुवायचं काही उरलेलं नाही.

दुपारी टपाल आलं. तुझं कार्ड. 'दुसरी कुठली जात नव्हती. हाच पांढरा. आई कशी आहे?' इतक्या कार्डांत तू पहिल्यांदा विचारलंस. मी ते मावशीला वाचून दाखवलं नाही. उशाशी ठेवलं आहे.

तुझ्यावर मी रागावलेली नाही, असं लिहिणार होते. रागावलेली आहे. बाबांच्या वेळी तू आली नाहीस, आई आजारी आहे कळूनही तू वाफ्याचंच लिहीत बसलीस. पण मी येऊ नकोस म्हटलं होतं, आणि न्यायला कोणी आलं नव्हतं. तुझा हट्ट आईचाच आहे, आणि माझा बाबांचा. आणि आई मधल्या मध्ये कोरडी पडत गेली.

आता ऐक. मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. कारखान्यात सांगितलंय, मुकादमाने तोंड वाकडं केलं, करू दे. तुझ्या गावी पोहोचायला संध्याकाळ होईल. हे पत्र तुला आधी मिळेल की मी आधी पोहोचेन, काही सांगता येत नाही. तुझ्या घड्याळजीला सांग की बायकोची बहीण येतेय, आणि मी त्याच्याशी नीट वागेन. जेवायला काही करू नकोस.

मी तुझ्या मुळाला येतेय. आईने सांगितलंय. तिने सांगितलेलं इतके दिवस माझ्याकडून झालं नाही, तेवढं मला करू दे. तिचा पलंग अजून खिडकीशीच आहे, तो दाराच्या बाजूला फिरवायचा आहे, आणि मला एकटीला हलत नाही. वाफ्यात मुळे तसेच उभे आहेत. जून व्हायला लागलेत, आतून भेंड होतील. तू आलीस की दोघी मिळून काढू आणि असतील तसे खाऊ.

घरात शिरताना मी पुढे होईन. तू लगेच माझ्या मागोमाग ये, दारात थांबू नकोस.

ताई